“मागच्या आठवड्यात बोललो होतो ना आपण?”

हे वाक्य ज्याने कुणी पहिल्यांदा टेलिकॉलिंगच्या स्क्रिप्टमध्ये घातलं असेल त्याला माणसं फार चांगली कळत असणार. “मॅडम, मागच्या आठवड्यात बोललो होतो ना आपण? तुम्ही म्हणालात नंतर करा, म्हणून आज केला.” आता ज्याची मेमरी शाबूत आहे तो म्हणणार, छे, मी कुणाशी बोललो नाही, ठेवा फोन. संपला विषय. माझं तसं होत नाही. मी शोधायला लागते. खरंच म्हटलं असेल का मी? म्हटलंही असेल, कटवायला म्हणून आपण म्हणतोच की नंतर करा... आणि माझी ही शोधाशोध चालू असते तोवर तो पुढच्या मुद्द्यावर पोचलेला असतो आणि मी मधल्या मधे “हो हो” करत असते, कारण आठवत नाही म्हणायची लाज वाटते आणि समोरच्याला ते कळू नये असं वाटतं. विसरणं हा प्रॉब्लेम अर्धाच, विसरतोय हे लपवायची सवय हा उरलेला अर्धा, आणि या नकोशा फोनवाल्यांचं दुकान त्या दुसऱ्या अर्ध्यावर चालतं असं माझं मत झालंय.

आधी विसरण्याबद्दल थोडं. गेली काही वर्षं ते वाढलंय. चेहरा समोर, नाव गायब. बोलता बोलता शब्द जिभेवर येऊन अडतो. एखादी गोष्ट मी कुणाला सांगितली की नुसतं सांगायचं ठरवलं होतं यात गल्लत. डॉक्टरांकडे जाऊन आले, आणि तुम्हीही जा, कारण “वय झालं आता” म्हणून सोडून दिलेल्या विसरण्यात कधी कधी दुरुस्त होण्यासारखं कारण निघतं, बी१२ कमी असतं, थायरॉईड असतो, झोप धड नसते, डिप्रेशन असतं, काही औषधं सुद्धा असतात, झोपेच्या गोळ्या किंवा सर्दी-अॅलर्जीवरची ती गुंगी आणणारी जुनी औषधं. आणि कान. कानांचं मला कुणी बोललंच नव्हतं. ऐकू कमी येत असेल तर मेंदूची बरीच ताकद शब्द ओळखण्यातच जाते, लक्षात ठेवायला फार उरत नाही, आणि फोनवर तर जास्तच, कारण जुन्या साध्या फोनलाइनवर अंदाजे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पुढे जातो, त्यामुळे स, श, फ असल्या अक्षरांचा जो वरच्या पट्टीतला भाग असतो तो कापला जातो. म्हणजे समोरचा भराभर बोलतोय, शब्द घरंगळतायत, आणि मी हो म्हणतेय.

तर फोन. उचलून हॅलो म्हटलं की पलीकडे सेकंद-दोन सेकंद सामसूम असते ना, आणि मग एकदम गलका ऐकू येतो आणि कुणीतरी आपलं नाव घेतं? ती सामसूम उगीच नसते. मोठ्या कॉल सेंटरात नंबर माणूस लावत नाही, कॉम्प्युटर लावतो, प्रेडिक्टिव्ह डायलर म्हणतात त्याला. तो एकाच वेळी बरेच नंबर लावून ठेवतो कारण त्यातले कितीतरी उचललेच जाणार नाहीत हे त्याने धरलेलं असतं, आणि कुणी उचलला की जो कर्मचारी तेवढ्यात मोकळा झालाय त्याच्याकडे जोडतो. कुणीच मोकळं नसलं तर आपण हॅलो हॅलो करत बसायचं आणि फोन कट. असे मुके फोन आले की घरी कुणी आहे का हे चोर बघतायत म्हणून लोक घाबरतात, पण बरेचदा तो फक्त डायलरचा चुकलेला अंदाज असतो. मी यातून एक नियम काढलाय. हॅलो एकदाच म्हणायचं. उत्तर नाही आलं तर ठेवून द्यायचा, ओळखीचं माणूस असेल तर परत करेल. हा नियम मला फार आवडतो कारण त्यात आठवायचं काहीच नाही.

स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरावर मात्र नियम बांधता येत नाही. तो नंबर फोन करणाऱ्याच्या सिस्टिमने पाठवलेला असतो आणि तो खोटा घालता येतो, आपल्याच भागातला वाटेल असा, बँकेचा वाटेल असा. त्यामुळे “नंबर बघून उचल” हा मुलांचा सल्ला मी कानाआड केलाय. नंबर ब्लॉक करून पण फार फरक पडत नाही, मी एका नंबराला “उचलू नको” नावाने सेव्ह केलं होतं, तो पुन्हा कधी आलाच नाही, त्याचे भाऊबंद येतात.

आता त्या मागच्या आठवड्याकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे.

लॅरी जेकोबी नावाचे मेमरीवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ होते. १९८९ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग छापून आला. लोकांना नावांची यादी वाचायला दिली, सगळी अनोळखी, साधी नावं, आणि ही माणसं प्रसिद्ध नाहीत हे सांगितलेलं. लगेच विचारलं तर लोक बरोबर सांगायचे, पण दुसऱ्या दिवशी ही नावं, काही नवी नावं आणि काही खरोखरच्या प्रसिद्ध माणसांची नावं मिसळून विचारलं, यातलं प्रसिद्ध कोण, तर यादीतली साधी नावं लोकांना प्रसिद्ध वाटायला लागली. नाव कुठेतरी ऐकलंय ही भावना शिल्लक, कुठे ऐकलंय ते पुसलेलं. म्हणजे ओळखीचं वाटणं आणि प्रत्यक्ष आठवणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वयाबरोबर दुसरी जास्त खचते, पहिली बऱ्यापैकी टिकते. मला हे वाचून हायसं वाटलं आणि भीतीही वाटली. कारण माझं अगदी हेच होतं. कंपनीचं नाव ओळखीचं वाटतं. आवाज ओळखीचा वाटतो. का वाटतो? कारण त्यांनी आधी दहा वेळा फोन केलेला असतो! त्रास देऊन देऊनच ते ओळखीचे झालेले असतात आणि माझं डोकं त्या ओळखीला विश्वास समजून बसतं.

याच जेकोबींनी पुढे म्हाताऱ्या माणसांना फसवायच्या एका पद्धतीबद्दलही लिहिलंय. भामटा आधी एकदा फोन करून गप्पा मारतो, साधं साधं काहीतरी विचारून घेतो. काही काळाने परत फोन करतो आणि आधीचं बोलणं या माणसाला आठवतंय का ते चाचपतो. आठवत असेल तर गोड बोलून ठेवून देतो. आठवत नसेल तर सांगतो, अहो तुम्ही आम्हाला चेक पाठवलात तो जास्त रकमेचा होता, आता बरोबर रकमेचा पाठवा, आधीचा परत करतो. आधीचा चेक कधी नव्हताच. पण न आठवणाऱ्या माणसाला तो नव्हता हे कसं सिद्ध करणार? नसलेली गोष्ट आठवत नाही आणि विसरलेली गोष्टही आठवत नाही, आतून दोन्ही सारखंच लागतं.

म्हणून मी आठवायचं सोडून दिलंय. म्हणजे फोनवर. “आपलं बोलणं झालं होतं” असं कुणी म्हणालं की झालं होतं की नव्हतं या वादात मी पडतच नाही, कारण तो खेळ त्याच्या मैदानावरचा आहे. झालं असेल! मी शंभर वेळा बोलले असेन आणि हो म्हटलं असेल, तरी आत्ता या फोनवर काही होणार नाही. माझं वाक्य ठरलेलं आहे, “मी आलेल्या फोनवर काहीच ठरवत नाही, लेखी पाठवा,” आणि ठेवते. त्यात “मला जरा विसरायला होतं” हे अजिबात नाही. हे सांगावंसं वाटतं, गरीब स्वभावाने वाटतं की खरं सांगितलं की समोरचा समजून घेईल. समोरचा ते लिहून घेतो. ज्यांनी एकदा प्रतिसाद दिला, जे जास्त वेळ बोलले, जे गोंधळले, अशांच्या याद्या बनतात आणि विकल्या जातात.

ठेवते असं लिहिलं खरं, पण फोन ठेवणं किती अवघड असतं यावर कुणी बोलत नाही. यालाही कारण आहे. १९७३ मध्ये शेग्लॉफ आणि सॅक्स या दोघांनी बोलणं संपतं कसं यावर एक पेपर लिहिला होता, टेलिफोनवरची संभाषणं ऐकून ऐकून. त्यांचं म्हणणं, बोलणं नुसतं थांबत नाही, दोघांनी मिळून ते बंद करावं लागतं, एकजण “बरं मग”, “चला तर” असं काहीतरी म्हणतो, दुसरा त्याला साथ देतो, मग अच्छा, मग ठेवतो. टेलिकॉलर नेमकं हेच करू देत नाही. तो “बरं मग” ला जागाच ठेवत नाही, प्रत्येक वाक्याच्या शेवटी प्रश्न लावतो आणि प्रश्न आला की उत्तर द्यायचं हे आपल्या हाडात आहे. आपण फट शोधत बसतो आणि फट येत नाही. त्यामुळे मध्येच ठेवणं हा उद्धटपणा वगैरे काही नाही, दुसरा मार्ग त्यानेच शिल्लक ठेवलेला नसतो. मला हे मनाला पटवायला वेळ लागला, पलीकडे बहुतेक वेळा कुणाचा तरी पोरगा-पोरगी नोकरी करत असते, टार्गेट असतं, मला त्यांचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण वाईट वाटतं म्हणून विमा काढत नाहीत.

आणि पैशाचं सोडा, पैसे न जाताही या फोनांनी जे जातं त्याबद्दल मला जास्त राग आहे. मी उठते गोळी घ्यायला. फोन वाजतो. क्रेडिट कार्ड नको, कर्ज नको, नको, नको, नको. फोन ठेवला. आता मी कशाला उठले होते? आणि गोळी घेतली का? तरुण माणसाला हा धागा परत सापडतो, तो दोन पावलं मागे जातो आणि आठवतं. माझ्या बाबतीत मधे आलेली गोष्ट आधीचं सगळं पुसून जाते. पुढे करायची गोष्ट लक्षात ठेवणं ही मेमरीची एक वेगळीच जात आहे, प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी, आणि ती मधे कुणी तोंड घातलं की सगळ्यात आधी कोलमडते. ज्याला ते “फक्त दोन मिनिटं मॅडम” म्हणतात ती दोन मिनिटं नसतात, पुढचा अर्धा तास असतो. मी आता वारांचे खण असलेली डबी वापरते, खण रिकामा म्हणजे घेतली, डोक्याला विचारायचंच नाही. (घेतली की नाही अशी शंका आली तर परत घ्यायची का हे औषधावर अवलंबून असतं, ते डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवा, प्रत्येक गोळीचं उत्तर वेगळं असू शकतं.) आणि फोन वाजला की उचलायच्या आधी मी जे करत होते ते मोठ्याने म्हणते. “गोळी.” “गॅस.” “दार.” घरात कुणी नवीन आलं तर त्यांना वाटतं हिला काहीतरी झालंय. वाटू दे. आणि सगळ्यात सोपं म्हणजे गॅसजवळ असताना फोन उचलायचाच नाही.

ते ठरलेलं वाक्य तरी लक्षात राहतं का, असं माझ्या बहिणीने विचारलं. राहतं, आणि त्याचं कारण मला एका माणसाच्या गोष्टीत सापडलं. हेन्री मोलेसन, बरीच वर्षं जगाला फक्त एच. एम. म्हणून माहीत होता, २००८ मध्ये वारल्यावर नाव जाहीर झालं. फिट्सवर उपाय म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर त्याला नवीन काही लक्षात ठेवताच येईना, भेटलेली माणसं, खाल्लेलं जेवण, काहीच नाही. ब्रेंडा मिलनर या शास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. आरशात सगळं उलटं, हात भलतीकडे जातो. पण दिवसागणिक त्याच्या चुका कमी होत गेल्या, आणि दर वेळी तो सांगायचा की हे मी आधी कधी केलेलं नाही! डोक्याला माहीत नाही, हाताला माहीत आहे. सवयीची मेमरी वेगळ्या वाटेने बसते. मी त्याच्याइतकी बिघडलेली अर्थातच नाहीये, पण मुद्दा घेतला. ते वाक्य मी नुसतं पाठ नाही केलं, मुलीला फोन करायला लावून म्हटलं, परत परत, ती नाटकी आवाजात “मॅडम लकी ड्रॉ” वगैरे म्हणायची आणि मी वाक्य टाकून ठेवायचे, हसून हसून पुरेवाट. आता ते तोंडातून आपोआप येतं. एकदा खऱ्या ओळखीच्या माणसालाही ऐकवलं गेलं, त्याने परत फोन केला, बिघडलं काही नाही.

घरातला कोडवर्ड ठरवा हा सल्ला हल्ली सगळीकडे देतात, कारण आवाजाची नक्कल आता कॉम्प्युटर करतो, नातवाच्या आवाजात “आजी मी अडकलोय, कुणाला सांगू नको” असा फोन येऊ शकतो. सल्ला चांगला आहे पण ज्याला शब्द आठवत नाहीत त्याला नवा शब्द पाठ करायला सांगणं म्हणजे कमालच आहे. आम्ही उलटं केलं. १८८१ मध्ये रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की मेमरी जाते तेव्हा अलीकडचं आधी जातं, जुनं शेवटी. तर आम्ही नवा शब्द ठरवलाच नाही, माझ्या लहानपणातली एक फालतू गोष्ट घेतली जी मी पोरांना हजारदा सांगितलीय आणि जी कुठेही ऑनलाइन नाहीये. (इथे लिहिणार नाही, उघड आहे.) प्रश्न मी विचारायचा, उत्तर त्याने द्यायचं. आणि “कुणाला सांगू नको” हे शब्द आले की प्रश्नाचीही गरज नाही, ठेवायचा आणि त्या माणसाला त्याच्या नेहमीच्या नंबरावर आपण लावायचा. लँडलाइन असेल तर दुसऱ्या फोनवरून लावा, काही जुन्या एक्सचेंजांवर समोरच्याने ठेवला नाही तर लाइन थोडा वेळ तशीच जोडलेली राहते आणि भामटा पलीकडून डायल टोन वाजवून दाखवतो.

बाकी उपाय सगळ्यांना माहीत आहेत. डू नॉट कॉल यादी बऱ्याच देशांत आहे, ब्रिटनमध्ये १९९९ पासून, अमेरिकेत २००३ पासून, नाव जरूर नोंदवा, त्याने कायदा पाळणारे थांबतात. जे पाळत नाहीत त्यांच्यासाठी यादी असली काय नसली काय. अनोळखी नंबरांची रिंगच वाजणार नाही असं सेटिंग आता स्मार्टफोनमध्ये येतं, पण त्यात लॅबमधून आलेला रिपोर्टचा फोनही मुका होतो, मग मिस्ड कॉल बघायची आठवण कुणी ठेवायची? मी ते रात्री चालू ठेवते, दिवसा नाही. फोनशेजारी वही आहे, बोलत असताना लिहायचं, नंतर नाही, नंतर काही उरत नाही. एकच रिंग देऊन बंद होणाऱ्या परदेशी नंबराला उलट फोन करू नका, पैसे त्या उलट फोनचेच लागतात.

मुलीचं आणि माझं अजून एका गोष्टीवर जमत नाही. तिचं म्हणणं सगळे फोन तिच्याकडे वळवून टाकू, ती बघेल आणि कामाचं तेवढं मला सांगेल. प्रेमाने म्हणते, आणि तिच्या म्हणण्यात दम आहे, पैशाच्या व्यवहारात गोंधळ व्हायला लागणं हे डिमेन्शियाच्या अगदी सुरुवातीच्या लक्षणांपैकी असू शकतं, आणि ते त्या माणसाच्या स्वतःच्या सगळ्यात शेवटी लक्षात येतं. शिवाय एकदा फसलेल्या माणसाला “तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो” म्हणून दुसरी टोळी फोन करते, आणि विसरणाऱ्याला तर काय गेलं होतं हेही नीट आठवत नसतं, त्याला कितीही सांगता येतं. हे सगळं मला मान्य आहे. पण फोन वळवला की मला कुणाचा फोन यायचा आणि कुणाचा नाही हे दुसरं कुणीतरी ठरवणार. मैत्रिणीने रडायला फोन केला तर ते “कामाचं” धरणार का? मी म्हटलं, फोन नाही, पैसा अडव. ठरावीक रकमेच्या वर काही जायचं असेल तर एक दिवस थांबेल असं बँकेत करता येतं का विचार, मेसेज दोघींना येऊ दे, मोठी सही तुझ्याशिवाय नको. बोलायचं तितकं मी बोलेन, कुणाशीही. तिला हे अर्धंच पटलंय. बँकेत जायचं शनिवारचं ठरलंय, आणि फोन वळवायचा विषय तिने “सध्या” बाजूला ठेवलाय. त्या “सध्या” वर आमची अजून खडाजंगी व्हायची आहे.